सहादेवच्या पायावरचा उपाय

बहात्तर सालच्या दुष्काळात, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, सहादेवने भैरोबापुढे शब्द दिला की पाऊस पडेपर्यंत मी उभा राहीन. असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण एकदा दिल्यावर तो शब्द गावाचा झाला. पाऊस काही आला नाही. सहादेवच्या डाव्या पोटरीवर मात्र निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगून वर आल्या.

त्याची बायको छबूबाई पारनेरहून डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी पोटरी दाबून पाहिली. "रक्त खाली साचतंय. असंच चाललं तर घोट्याजवळ जखम होईल आणि ती भरता भरणार नाही. ह्यांना बसवा."

"बसवा?" सरपंच उत्तमराव म्हणाले. "मग पाऊस कोन पाडनार? तुमी?"

डॉक्टरांनी मग एकेक उपाय सांगितला आणि देवळाच्या ओट्यावर त्यावर रीतसर चर्चा झाली. घट्ट पट्टी बांधायला गावाची हरकत नव्हती. पण ती बांधण्याआधी निजून पाय वर धरावा लागतो, म्हणून पट्टी बारगळली. शिरेत इंजेक्शन घेतलं तर रोज चालावं लागतं, आणि चालणारा माणूस उभा असतो की नाही यावर गावात दोन तट पडले. ऑपरेशन करून शीरच काढून टाकणं सगळ्यांना पसंत पडलं, फक्त सहादेवला उभ्याउभ्या कापावं असं ठरलं.

"आणि मी काय करू?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमाला पाट देतो की बसायला," उत्तमराव म्हणाले.

राहता राहिला पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहण्याचा उपाय. तो तर चर्चेलाच घेतला नाही.

"अवो, जीव जातोय माझा," सहादेव म्हणाला.

"जाऊ दे, पर बसू नगं," गर्दीतून कोणीतरी धीर दिला.

तेवढ्यात उत्तमरावांना स्वतःची रिकामी बैलगाडी दिसली. बैल चारा-छावणीत होते. गाडी उलाळ केली, म्हणजे जू आभाळाकडे आणि मागचं टोक जमिनीला. त्या टोकाच्या फळीवर सहादेवला उभं केलं, पाठ गाडीला टेकवली आणि विहिरीवरच्या सोलानं, म्हणजे मोटेच्या जाड दोरानं, बांधलं. विहिरी आटल्यामुळे सोल मोकळाच होता. पुढे खड्डा खणला आणि जू हळूहळू त्यात उतरवलं. सहादेवचं डोकं खाली गेलं, पाय वर आले.

भैरोबाला कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ज्वारीचा एकेक ओला दाणा चिकटवला. उजवा पडला, म्हणजे देवाची हरकत नव्हती. तो चिमणीने पाडला हे फक्त छबूबाईने पाहिलं होतं.

आठवड्याने डॉक्टर आले. "बरं झालं, निजवलंत एकदाचं!"

"कुनी निजवलं?" उत्तमराव दुखावले. "गाडी निजलीय. सहादेव उभाच हाय. फळीवरचा पाय हाललेला न्हाई त्याचा."

डॉक्टरांनी पोटरी पाहिली. शिरा बसल्या होत्या, सूज उतरली होती. सहादेव ताजातवाना दिसत होता. आभाळाच्या कडेला एक ढग आला होता, त्याच्याकडे तो जरा नाराजीनेच बघत होता.

"आता मला बघा," छबूबाई म्हणाली आणि तिने लुगडं पोटऱ्यांच्या वर घेतलं. दिवसभर गाडीपाशी उभी राहून ती नवऱ्याला भरवत होती, वारा घालत होती, माशा हाकत होती. दोन्ही पोटऱ्यांवर निळे दोरखंड आले होते.

"तुम्ही ताबडतोब पाय वर करून पडा," डॉक्टर म्हणाले.

उत्तमराव खाकरले. "बाईमानसानं? दिवसाढवळ्या? देवळासमोर?"

छबूबाईने पदर खोचला आणि चाकावर पाय देऊन ती गाडीत चढली.

"सरका जरा तिकडं," ती नवऱ्याला म्हणाली. "मलाबी उभं राहायचंय."