चौकात प्यायलेलं पाणी

मी पाणीपुरवठा कार्यालयातला काचेचा ग्लास. सहा जणांच्या संचातून आलो. पाच धुता-पुसता फुटले, मी उरलो. पाणी तपासनिसाच्या टेबलावर, नळाशेजारी माझी जागा.

तपासनीस मितभाषी माणूस. रोज सकाळी नमुने तपासायचा आणि मग तेच नळाचं पाणी माझ्यातून प्यायचा. दोन वर्षांपूर्वी मात्र आठवडाभर त्याने मला हात लावला नाही. तेव्हा नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळत होतं, आणि साहेबांनी सांगितलं म्हणून त्याने 'पाणी शुद्ध आहे' असं लिहिलेल्या कागदावर सही केली होती. लोक ते विसरले नाहीत.

यंदा पाणी खरोखर स्वच्छ होतं. पण मोबाइलवर मेसेज फिरू लागला, की नळातून औषध सोडतात, त्याने बायकांना मुलं होत नाहीत. लोक नळाचं पाणी प्यायचे थांबले आणि जुन्या दगडखाणीत साचलेलं पाणी भरायला लागले. वरून हुकूम आला: दर सोमवारी चौकात, कॅमेऱ्यासमोर नळाचं पाणी पिऊन दाखवा. साहेबांचा घसा नेमका त्याच दिवशी बसला. मग मला रुमालात गुंडाळून तपासनीस गेला.

तिसऱ्या सोमवारी त्याला ठसका लागला. घाईत प्यायला, एवढंच. तेवढेच दोन क्षण कापून गावभर फिरले. कार्यालयाने अख्खा व्हिडिओ टाकला, खुलासा काढला, मग खुलाशाचा खुलासा काढला. चहा द्यायला आलेला चहावाला म्हणाला, "एवढं सांगतायत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

तपासनिसाची धाकटी बहीण खाणीजवळच राहायची. त्याने तिला बोलावून घेतलं, तपासणीचे कागद दाखवले, खाणीचं पाणी लेकीला देऊ नकोस म्हणून हात जोडले.

ती शांतपणे म्हणाली, "दादा, त्या वेळीही सही तुझीच होती. तुझ्यावर विश्वास ठेवून मी पोरीला ते पाणी पाजलं होतं."

ती गेल्यावर बराच वेळ तो मला हातात घेऊन बसला.

त्यानंतर नवव्या दिवशी त्या पोरीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यातून ती परत आली नाही. सात वर्षांची होती. मामाकडे आली की चमच्याने मला वाजवून बघायची.

त्या सोमवारीही हुकूम होताच. चौकात कॅमेरावाल्याशिवाय कुणी नव्हतं. तपासनीस प्यायला. उजेड नीट नव्हता, पुन्हा प्या, असं कॅमेरावाल्याने सांगितलं. तो पुन्हा प्यायला.

पंधरवड्याने बहीण कार्यालयात आली. कुणाकडे न बघता तिने मला उचललं, नळाखाली धरून काठोकाठ भरलं आणि उभ्या उभ्या संपवलं.

"चांगलं आहे पाणी," ती म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हापासून तपासनीस मला धुतो, पुसतो, पालथा घालतो. तहान लागली तर ओंजळीने पितो. पुढच्या सोमवारच्या हुकुमाचा कागद टेबलावर येऊन पडलाय. माझं कुणी ऐकत असेल तर एवढंच करा, मला चौकात नेऊ नका. नेलंत, तरी त्याच्या हाती देऊ नका.