साखळीची जोडी

सासूबाईंची शवपेटी ट्रॉलीवर बांधून झाली होती आणि ट्रॅक्टर अंगणातून हलत नव्हता. घसरू नये म्हणून साखळी चढवलेलं डावं चाक ढिम्म उभं होतं आणि उघडं उजवं चाक बर्फात गरगर फिरत होतं.

"उतरा खाली," मी नवऱ्याला म्हटलं. "एका साखळीनं डोंगरावरच्या दफनभूमीपर्यंत चढायला निघालात!"

वुकोमान उतरले नाहीत.

वाटणीत दोघा भावांनी गाई निम्म्या केल्या, कुरण निम्मं केलं, ट्रॅक्टर तर ज्याचा त्याला होताच. साखळ्यांची जोडी राहिली, ती दोघांनाही हवी. शेवटी एकेक घेतली. एका साखळीचा बर्फात उपयोग नाही, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं. ह्या दोघांनाही कळत होतं, पण एकमेकांची जिरवायची होती ना! तेव्हापासून बोलणं बंद.

धाकटा दीर रादेन्को कुंपणापलीकडे टोपी काढून उभा होता. मला राहवेना.

"भावोजी, आई तुमचीही होती ना?"

"त्यानं बोलावलं का?"

"ते बोलावताहेत होय! मी बोलावतेय."

आपली साखळी खांद्यावर टाकून तो आला. आता मला वेगळीच उत्सुकता लागली. साखळी बर्फावर पसरायची आणि चाक हळूच तिच्यावर घ्यायचं. चालवणाऱ्याला खालचं दिसत नाही, खालच्यानं सांगावं लागतं. हे दोघे न बोलता करणार कसं?

रादेन्को चाकाशी गुडघे टेकून बसला. साखळी पसरली, दोनदा हातानं सारखी केली.

"पुढे घे," शेवटी तो म्हणाला. "हळू. अजून... थांब!"

"बसली?"

"बसली, दादा."

पेटीजवळच्या बायका रडायलाच लागल्या.

सासूबाईंना मातीत ठेवून, रिवाजाप्रमाणे वर राकियाची, घरच्या दारूची, धार सोडून आम्ही खाली आलो. रादेन्को आपली साखळी सोडायला वाकला. वुकोमाननी त्याला बाजूला केलं, दोन्ही साखळ्या स्वतः सोडल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

"दोन्ही? मला?"

"घे. आता वर जायची पाळी माझी. तेव्हा ट्रॅक्टर तूच चालवशील."

"काहीतरीच बोलू नकोस."

पण घेतल्या त्यानं. कुंपणापर्यंत गेला आणि मागे न बघताच म्हणाला, "सकाळी दुधाचे कॅन बाहेर काढून ठेव. माझ्या कॅनबरोबर नेईन."

वुकोमान रिकाम्या हातांनी अंगणात उभे राहिले.