काठाला लागलेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. कपडे शिवणाऱ्या मास्तरांची कात्री. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या, पाकिटं फोडणाऱ्या कात्र्यांशी कुणी माझं नातं जोडलं तर मला खपत नाही. त्या बिचाऱ्या वाईट नसतात. त्यांना कुणी कधी चांगलं कापड दाखवलेलं नसतं, एवढंच.

मित्रांनो, माझी दोन पाती भट्टीत वेगवेगळी घडली. ती एका स्क्रूवर जोडणारा कारागीर मला उघडमिट करून कान देऊन ऐकायचा. आवाज मनासारखा आला तेव्हाच त्यानं स्क्रू पक्का केला. पुढे दुकानात एका तरुणानं मला उचललं, तेव्हा त्यानंही धार बघण्याआधी मला कानाशी धरलं. हाच बाबा आपल्याला सांभाळेल, असं मला तेव्हाच वाटलं. तोच पुढे मास्तर झाला.

मास्तरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कापायचं मोठं टेबल, त्यावर जुनं घोंगडं अंथरलेलं. खिडकीपाशी मशीन आणि दाराशी गिऱ्हाइकांसाठी बाक. मास्तर बोलायला तिरसट, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पण टेबलावर कापड पसरलं की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. आम्ही दोघांनी किती झगे, किती सदरे, किती गणवेश कापले याला गणती नाही. मास्तरांच्या हातची कापणी म्हणजे बघायलाच नको, असं लोक म्हणायचे. हे ऐकून मी फुगत नव्हते असं कसं सांगू? चांगली फुगत होते.

मग मास्तर आजारी पडले. मी खणात, जुन्या बटणांच्या आणि तुटक्या सुयांच्या सोबतीला पडून राहिले. अंगावर गंज चढला. त्यांचा मुलगा वायरमन. त्यानं एकदा माझ्यानं तार सोलली. त्याबद्दल मी आजही बोलत नाही.

त्या दिवसांत दुकान तगवून धरलं ते सुनेनं. ती दुसऱ्याच कात्रीनं कापायची आणि मशीनवर बसायची. हात जलद आणि शिलाई सरळ. मास्तर बरे होऊन परत टेबलाशी उभे राहिले, त्यांनी मला धार लावून आणली, स्क्रूत तेलाचा थेंब सोडला, आणि आमचं पुन्हा सुरू झालं. घरातली रीत ठरलेली होती. कापायचं मास्तरांनी, शिवायचं सुनेनं. तिला कापता येत नव्हतं असं नाही. पण मास्तर असताना मला हात लावायची तिची टाप नव्हती.

हात मास्तरांचा तोच होता. पण मधूनच काहीतरी निसटायचं. एकदा त्यांनी एकाच सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. सुनेनं उरलेल्या कापडातून तिसरी बाही गुपचूप काढली आणि कुणाला कळू दिलं नाही. मला मात्र कळलं होतं, कारण ती मीच कापली. मास्तर तेव्हा आत झोपले होते. तिच्या हातात मी पहिल्यांदाच आले होते, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

एका दुपारी शेजारची नर्स तिच्या मुलीला घेऊन आली. मुलीला शाळेच्या कार्यक्रमात गाणं म्हणायचं होतं, त्यासाठी झगा हवा होता. कापड होतं बॉर्डर प्रिंटचं. बारीक ठिपके, आणि एका लांब कडेनं थेट शेवटपर्यंत मोठ्या निळ्या फुलांची पट्टी. ठाणातला तो शेवटचा तुकडा होता, दुसरा मिळणार नव्हता.

"मास्तर, मी बसून बघू?" मुलीनं विचारलं.

"बघ. पण मधे बडबड नको," मास्तर म्हणाले.

आता हे कापड कसं कापायचं ते ऐका. एरवी झग्याची लांबी कापडाच्या लांबीतच धरतात. बॉर्डर प्रिंटचं उलटं असतं. कापड आडवं फिरवून घ्यायचं, म्हणजे फुलांची पट्टी खाली घेराला येते. वर उरलेल्या ठिपक्यांत अंग आणि बाह्या बसवायच्या. लांबी कमीजास्त करायची ती कमरेपाशी, काठाला कात्री लावायची नाही. न फिरवता कापलं तर सगळी फुलं बगलेखालून वर चढतात. मास्तरांनी असे झगे कितीतरी केले होते.

पण त्या दिवशी त्यांनी कापड रोजच्यासारखं उभंच अंथरलं आणि खडूनं आडवी रेघ मारली.

मशीन थांबलं. सुनेनं मान वर केली, टेबलाकडे बघितलं, मग बाकाकडे. गिऱ्हाइकासमोर सासऱ्याला चूक कशी दाखवायची?

"बाबा, आधी चहा घेता का?"

"चहा पळून चाललाय का?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी मला उचललं.

मला थांबायचं होतं. पण कात्रीला थांबता येत नाही, मित्रांनो. हात मिटला की पाती मिटतात. कर्रर्र करून मी काठातून आत शिरले आणि एक निळं फूल मधोमध दुभंगलं.

तेवढ्यात सून उठून आली. तिनं माझ्या टोकापुढे आपला तळहात कापडावर सपाट ठेवला. मास्तर थबकले. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग फुलांच्या पट्टीकडे, आणि त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"इथंच कुशीची शिवण घ्यायची म्हणालात ना, बाबा?" ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली. "मग पुढचं मी करते. तुमचा चहा गार होतोय."

चहा अजून चुलीवर चढायचाच होता. मास्तर मला टेबलावर ठेवून आत गेले.

तिनं कापड फिरवलं आणि मला घेऊन तोच काप घेराच्या उंचीइतका पुढे नेला. माझा काप काठाला काटकोनात गेला होता, म्हणजे घेराची शिवण जशी उभी जाते तसाच. तिनं दोन्ही कडांचं अर्धं अर्धं फूल आत दुमडलं आणि पुढचं अख्खं फूल शेजारच्या फुलाला नेमकं भिडवलं. शिवण थोडी पुढे सरकली, म्हणून पुढच्या घेराला चार चुण्या कमी पडणार होत्या, मागच्याला जास्त मिळणार होत्या. झगा सगळा कापून झाला, तेव्हा नर्स आणि मुलगी खुशीत घरी गेल्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं.

त्या गेल्यावर मास्तर बाहेर आले. "खोटं का बोललीस?"

"कापड तर वाचलं ना, बाबा," ती म्हणाली.

मास्तर पुन्हा आत वळले. त्या आठवड्यात त्यांनी मला हात लावला नाही. कापायची कामं साचत गेली, सून खाली मान घालून मशीन चालवत राहिली, आणि मी टेबलावर नुसती पडून होते. आता आपली रवानगी पुन्हा खणात होणार, या विचारानं मला रडू येत होतं.

झगा न्यायला मायलेकी आल्या. मुलीनं तो घालून गिरकी घेतली. निळी फुलं तिच्या पायांभोवती सलग फिरली, कुठं जोड आहे ते मलासुद्धा शोधावं लागलं.

"मास्तरांच्या हातची सर कुणाला नाही," नर्स म्हणाली.

सून दोरा ओवण्यात गुंतल्यासारखं करत होती. मास्तर बाकाशी गेले. झग्याच्या कुशीची शिवण त्यांनी घेरापाशी बोटांनी उलटून दाखवली.

"हा काठ मी चुकून कापला होता," ते म्हणाले. "सावरला तो हिनं. हाताची तारीफ करायची तर हिच्या हाताची करा."

 नर्स सुनेकडे बघून हसली, आणि सुनेच्या सुईतून दोरा निघून गेला.

त्या गेल्यावर मास्तरांनी साचलेल्या कामातलं पहिलं कापड टेबलावर पसरलं. मला उचलून माझी मूठ सुनेच्या बाजूला केली. मग स्टूल ओढून ते टेबलाच्या पलीकडे, कापड धरणाऱ्याच्या जागी बसले आणि दोन्ही हातांनी कड ताणून धरली.

"मी धरतो," ते म्हणाले. "तू काप."

मित्रांनो, आता मी तिच्या हातात असते. कधी मास्तर अजून काठाकडे बोट दाखवतात, कधी ती त्यांना विचारते. मला कागदावर चालवू नका, ओली ठेवू नका, तार तर मुळीच सोलू नका, एवढं माझ्यासाठी करा. आणि तुमच्या घरातला एखादा जुना हात चुकताना दिसला, तर त्यातून कात्री हिसकावून घेऊ नका. आपला तळहात हळूच पुढे ठेवा. कात्री द्यायची की नाही, ते त्या हाताला ठरवू द्या.