चुण्यांचा झगा

शिंप्यानं दिलेली तारीख खरी मानणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. ‘शुक्रवारी या’ म्हटलं की गिऱ्हाईक सोमवारी येतं, आणि तेव्हाही कपड्याची काजं-बटणं व्हायचीच असतात. दोघी बहिणींच्या दुकानात हा खेळ वडिलांच्या काळापासून चालत आला होता. शिवणीत जसं चार बोटं कापड आत सोडायचं, त्याला शिंपी माया म्हणतात, तशी ती तारखेतही सोडायची, असं धाकटीचं शास्त्र होतं. गिऱ्हाइकांशी बोलणं तिच्याकडे. ताई शिवायची आणि मान वर न करता म्हणायची, "थापा मारताना तुझी जीभ अडखळत कशी नाही गं?"

वस्तुसंग्रहालयात प्राचीन इजिप्तचं प्रदर्शन आलं आणि त्याचं पोस्टर समोरच्या बसथांब्यावर लागलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावरचा सोनेरी मुखवटा दिसायचा. ताईला खालच्या कोपऱ्यातला झगा दिसला. लिननचा, हजारो वर्षांपूर्वीचा, बाह्यांना आणि छातीवर बारीक बारीक चुण्या. हातातलं काम टाकून ती रस्ता ओलांडून गेली आणि पोस्टरला नाक लावून उभी राहिली. नाक लावावंच लागलं, कारण तिची नजर उतरणीला लागली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की नजरेच्या मधोमधचं दिसणं हळूहळू जाईल, औषधानं परत यायचं नाही, काय बघायचं ते आत्ताच बघून घ्या.

"मला तो झगा बघायचाय," ताई परत येऊन म्हणाली. "मुखवटे नि मढी तू बघ."

"कपडाच बघायचाय? जन्मभर दुसरं केलंय काय आपण?"

"कुणी शिवला ते बघायचंय. टाका बघितला की कळतं मला. बाई घाईत होती की निवांत होती. दोरा संपला तिथं गाठ लपवली की तशीच सोडून दिली."

यात फुशारकी नव्हती. आतली शिवण उलटून बघितली की कपडा कुठल्या शिंप्याच्या हातचा, हे ताई सांगायची, आणि वर त्याला नावंही ठेवायची.

मग बेत सुरू झाले. बेत करण्यात धाकटीचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठली बस, सकाळी गर्दी कमी असते की दुपारी, डबा न्यायचा की तिथंच खायचं, सगळ्याचा खल झाला. ताईनं भिंगाला नाडी शिवून ते गळ्यात अडकवायची सोय केली. फक्त निघायचं तेवढं राहिलं.

शाळा उघडायच्या होत्या. गणवेशांचे ढीग टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून जमिनीवर आले. "एवढे हातावेगळे झाले की जाऊ," धाकटी म्हणाली. ते झाले, तर बँडवाल्यांचे कोट आले. मग एका नवरीनं दुकानात येऊन रडारड केली. कधी जायचं, असं ताई आधी साधं विचारायची, पुढे गिऱ्हाइकाचा आवाज काढून विचारायला लागली, "काय हो बाई, माझा कपडा कधी मिळणार?"

"शुक्रवारी या," धाकटी म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

एके दिवशी ताईनं सुई आणि दोरा धाकटीपुढे धरला. तिनं तो ओवून दिला. त्याच मिनिटाला दुकानाला कुलूप घालून निघायला हवं होतं. पुढे तिनं स्वतःला हे इतक्यांदा ऐकवलं, की सांगायची सोय नाही.

बरं, शेवटची तारीख तिला माहीत नव्हती असंही नाही. पोस्टरवर ठळक अक्षरात छापली होती आणि पोस्टर रोज डोळ्यांसमोर होतं. पण छापलेली तारीख खरी असू शकते हे तिच्या डोक्यातच शिरलं नाही. एवढी गर्दी होतेय, आठवडाभर तर नक्की वाढवतील, त्यांनीही तारखेत थोडी माया सोडली असेलच, असं ती धरून चालली.

त्यांनी सोडलेली नव्हती. दोघी गेल्या तेव्हा दालनाचं दार सताड उघडं होतं आणि आत लाकडी खोक्यांना झाकणं ठोकत होते.

"संपलं प्रदर्शन, बाई," पहारेकरी म्हणाला.

"अहो, सामान तर इथंच आहे! एक झगाच बघायचाय. हिचे डोळे..." धाकटीनं ताईच्या गळ्यातलं भिंग त्याला दाखवलं.

माणूस भला होता. आत जाऊन विचारून आला. "तो सगळ्यात नाजूक ना, म्हणून आधी बांधला. कालच गेला." मग दोघींची तोंडं बघून त्याला राहवेना. "पुन्हा येईल की. तेव्हा नक्की या."

ताई खो खो हसत सुटली. "अगं, हा तर अगदी तुझ्यासारखं बोलतोय!"

धाकटीला हसू फुटेना. बसमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "ताई, चुकलं माझं."

"चुकलं खरं," ताई म्हणाली. चिडली असती तरी धाकटीला बरं वाटलं असतं. पण ती खिडकीकडे तोंड करून भिंगाची नाडी बोटाला गुंडाळत बसली.

धाकटीनं थांब्यावरचं पोस्टर सोडवून आणलं, लिनन आणलं आणि तो झगा शिवायला घेतला. गिऱ्हाइकांना पहिल्यांदाच खरं सांगितलं, की तुमचे कपडे उशिरा मिळतील. मशिनला हात लावला नाही. एकेक चुणी बोटांनी घडी करून, दाबून, हातानं टाचली. मन भरलं नाही तेव्हा पूर्ण बाही उसवून पुन्हा केली. तो झगा ताईच्या मांडीवर ठेवला तोवर ताईला समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा झाला होता.

ताईची बोटं चुण्यांवरून सावकाश गेली. तिनं बाही उलटी केली, शिवण सापडली, त्यावरून अंगठा फिरवत गेली.

"सुरेख. कधी नव्हे ते घाई केली नाहीस."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. "हुबेहूब केलाय गं. चुणीला चुणी जुळवून. हाच बघायचा होता ना तुला?"

दोरा संपला होता तिथं ताईचा अंगठा थांबला. लपवलेली गाठ तिनं चिमटीत धरून बघितली.

"तुझा हात मला अंधारातही ओळखू येतो गं," ती म्हणाली. "मला त्या बाईचा बघायचा होता."