सुषमाताईचे पोलके

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. काळ्या रंगाची, पायाने चालणारी. माझ्या अंगावर एके काळी सोनेरी वेलबुट्टी होती, ती रंजनाच्या बाहीने घासून घासून निघून गेली. सुरतेत कोसाडच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मी राहते. आता मी थकले आहे. चाक फिरते तेव्हा कुरकुरते, आणि जाड कापड आले की मधूनच दम लागतो. तरी या दिवाळीची हकीकत तुम्हाला सांगायचीच आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. आठवते ते अमळनेरचे दुकान. रंजनाच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला तिथून विकत घेतले आणि वऱ्हाड उतरलेल्या जानोशाच्या घरी बैलगाडीत नव्हे, चक्क सायकलवर बांधून आणले. पुढे रंजना नवऱ्याबरोबर सुरतेला आली, तेव्हा भुसावळहून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये मी दोन बाकांच्या मध्ये उभी होते. तिचा नवरा सुकदेव पलसाण्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये कामाला होता. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्या नखांत कधी निळा रंग असे, कधी लाल.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. आजूबाजूच्या खोल्यांतल्या बाया पोलकी शिवायला आणत. "रंजनाना हातनं पोलकं आंगले बराबर बसस," असे म्हणत. ते ऐकून मी मनातल्या मनात फुलून जाई. मग महागाई वाढली, मुले शाळेत जाऊ लागली, आणि रंजना साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात जाऊ लागली. तिथे विजेवर चालणाऱ्या मशिनी होत्या. दिवसभर त्यांच्यापुढे बसून ती घरी आली, की माझ्याकडे बघायचेही त्राण तिच्यात उरत नसे. मी मिटून पडले. माझ्यावर घडी न घातलेले कपडे आले, शाळेची दप्तरे आली, मोबाईलचा चार्जर आला. तेलाचा थेंब शेवटचा कधी मिळाला ते मी विसरले.

वर्षातून एकदा मात्र माझी आठवण होई, ती दिवाळीच्या तोंडावर. सुकदेवची बहीण सुषमा कतारगामला राहते. तिचा नवरा धर्मेंद्र हिऱ्याच्या कारखान्यात आहे. भाऊबीजेला सुकदेव आणि त्याचा धाकटा भाऊ वाल्मिक, दोघे बायकामुलांसह तिच्याकडे जेवायला जात. आमच्याच घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या आई धुरपदाबाईही बरोबर असत. सुषमाताई सगळ्यांना ओवाळी, पुरणपोळी वाढी, आणि शेवटी कधीतरी उभ्या उभ्या जेवे.

तिच्याकडे रिकाम्या हाताने जायचे कसे? वाल्मिक मिठाईचा डबा नेई. सुकदेव मिलच्या शेठकडून मिळालेले काचेचे बाऊल नाहीतर भिंतीवरचे घड्याळ नेई. आणि रंजना माझ्याकडून काहीतरी शिवून घेई. फ्रीजवर टाकायचे कापड, टीव्हीचे झाकण, दाराचे तोरण. सुषमाताई ते सगळे जपून ठेवी आणि आम्ही दिलेले झाकण भाऊबीजेच्या दिवशी आठवणीने टीव्हीवर घाली. मला त्याचा मोठा अभिमान होता.

गेल्या वर्षी सुषमाताई आजारी पडली. छातीत गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झाले आणि डाव्या बाजूची छाती काढून टाकावी लागली. पुढे औषधांनी केस गेले, मग हळूहळू परत आले. पावसाळा सरता सरता डॉक्टर म्हणाले की आता ती बरी आहे. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दिवाळी जवळ आली आणि एके दिवशी सुषमाताईचा सुकदेवला फोन आला.

"भाऊ, औंदा भाऊबीजले येऊ नका. आम्ही यासना मामाकडे जाई ऱ्हायनूत."

यासना म्हणजे तिच्या नवऱ्याच्या. फोन ठेवून सुकदेव आईकडे वळला. "बहीण नको म्हनस," एवढेच तो आईला म्हणाला. मग त्याला वाटले, आपले काहीतरी कमी पडत असावे. दवाखान्याच्या वेळी रजा मिळाली नव्हती, त्याचा राग असेल. म्हणून त्याने बाजारातून एक भलामोठा डिनर सेट आणला, चकचकीत कागदात गुंडाळलेला. भाऊबीज झाली नाही तरी हा तिच्या घरी पोचवू, म्हणजे तिचा राग जाईल, असा त्याचा हिशेब. खोक्याला घरात जागा नव्हती. साफसफाई चाललीच होती, तेव्हा त्याने मला उचलून गॅलरीत नेले आणि भंगारवाल्याला सांगून ठेवले.

गॅलरीत माझ्या शेजारी एक फुटका कूलर होता. बस्स, संपले आपले, असे मला वाटले. खरे सांगते मित्रांनो, फारसे वाईटही वाटले नाही. फार थकलेल्याला कुणी उचलून नेणार म्हटले, तर तो नाही म्हणत नाही.

कारखान्याला सुट्टी पडली त्या दिवशी रंजना एकटीच कतारगामला गेली. दुपारी परतली ती सरळ गॅलरीत आली. धुरपदाबाई तिथे उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. रंजनाही खाली फरशीवरच बसली.

"माय, ताई खोटं बोलनी. त्या कोठेच जात नहीत."

"मंग?"

"मी गऊ तव्हय भांडा घशी ऱ्हायंती. आंगमा गाऊन, त्यावर भली मोठी ओढणी. मी ईचारं, ताई, आम्हना राग ऊना का? ती रडालेच लागनी. म्हने, वैनी, मनं एकबी पोलकं माले बसत नही. एक बाजू नुसती लोंबस. पदर दोन्ही खांदावर घेऊन ऱ्हास. पन ओवाळाले ताट दोन्ही हातमा धरनं पडस, आनि पदर सरकस. भाऊ समोर बठेल ऱ्हातीन."

धुरपदाबाईंनी पाय जवळ ओढून घेतले.

"इतला वरीस आपन तिना घरले देत ऊनूत, माय," रंजना म्हणाली. "फ्रीजले दिधं, टीव्हीले दिधं. तिले काय दिधं?"

मित्रांनो, ते वाक्य माझ्या लोखंडाला लागले. टीव्हीचे ते झाकण मीच शिवले होते.

रंजना उठली. मला दोन्ही हातांनी धरून तिने उंबऱ्यावरून आत ओढले. सुकदेव दारातच होता.

"आते हाई कसाले? उद्या भंगारवाला येई."

"त्याले कूलर द्या," रंजना म्हणाली. "आनि कारखाना बंद शे. मी कोठे शिवू?"

तिने माझ्या भोकाभोकांत तेल सोडले. तुटलेला चामड्याचा पट्टा तारेने जोडला. सुषमाताईचे एक जुने पोलके तिने मापाला आणले होते. प्रश्न होता कापडाचा. या शहरात साड्यांच्या राशी असतात, पण बहुतेक कापड गुळगुळीत, अंगाला घाम आणणारे. कोवळ्या वणावर ते टोचणार. धुरपदाबाईंनी आपली पत्र्याची पेटी उघडली आणि त्यातून एक सुती लुगडे काढले, धुऊन धुऊन सायीसारखे झालेले.

"हाई फाड," त्या म्हणाल्या. "मनी पोरना आंगले नरम लागी."

बाहेरचे कापड जांभळे घेतले, आतून लुगड्याचे अस्तर. हूक पुढे ठेवले, कारण सुषमाताईचा डावा हात अजून मागे वळत नव्हता. डाव्या बाजूला आतून एक खिसा केला आणि त्यात बसेल अशी कापसाची गोल उशी शिवली. इतक्या दिवसांनी माझे चाक फिरत होते. मी कुरकुरले, दोनदा दोरा तोडला, एक सुई मोडली. रंजनाही थकलेली होती. तिची पाठ दुखत होती, ती मधेच उठून भिंतीला टेकून उभी राही आणि परत येऊन बसे. आम्ही दोघी एकमेकींना समजून घेत चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी रंजनाने बोलावले म्हणून सुषमाताई आली. सुकदेवला बाजारात पिटाळले होते. तिने दाराला कडी लावली, पण पोलके घालून बघायला ती आईकडे पाठ करून उभी राहिली.

"मी माय शे तुनी," धुरपदाबाई म्हणाल्या. "मनापुढे कसाले लपाडस?"

सुषमाताई हळूच वळली. ऑपरेशनपासून तिने ती बाजू आईला कधीच दाखवली नव्हती. धुरपदाबाईंनी त्या वणावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. खालून फटाक्यांचे आवाज येत होते.

पोलके मात्र बसले नाही. "वैनी, आठे टोचस," सुषमाताईने काखेजवळ बोट ठेवले. तिने हात वर केला, तर कापसाची उशीही वर सरकली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मनासाठे इतलं करं, तेच बहू व्हयनं." आणि ती परत दोन्ही खांद्यांवर पदर गुंडाळू लागली.

रंजनाचा चेहरा उतरला. तेवढ्यात धुरपदाबाई उठल्या, डब्यातली मोहरी घेऊन आल्या. "तू धाकली व्हती तव्हय तुना डोकाखाले राईनी उशी व्हती," त्या लेकीला म्हणाल्या. "कापूस हलका शे, म्हनून वर जास. खाले राई भर."

रंजना पुन्हा माझ्यापुढे बसली. काखेतली शिवण उसवून तिने ती मागे नेली. मोहरीची लहानशी पुरचुंडी शिवून ती कापसाच्या उशीखाली बसवली, आणि धुण्याच्या वेळी काढता यावी म्हणून वरून नुसता टाका घातला. या वेळी मी एकदाही दोरा तोडला नाही.

सुषमाताईने पोलके घातले. कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली. आधी समोरून पाहिले, मग बाजूने. दोन्ही हात उचलून, हातात ताट असल्यासारखे गोल फिरवले. उशी जागची हलली नाही. मग तिने पदर एकाच खांद्यावर टाकला आणि पिन मागितली.

"वैनी," ती आरशातच बघत म्हणाली, "भाऊले सांग, भाऊबीजले वखतशीर या. मी वाट दखसू."

भाऊबीजेला मी अर्थातच गेले नाही. संध्याकाळी सगळे परतले तेव्हा धुरपदाबाईंनी जे शेजारणीला सांगितले ते मी ऐकले. रंजना सकाळीच तिकडे गेली होती, पोळ्या तिनेच लाटल्या. सुषमाताईने दोन्ही भावांना ओवाळले. सुकदेवच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा तिने त्याला दटावले की ओवाळताना रडायचे नसते. आणि मग, किती वर्षांनी कोण जाणे, ती भावांच्या पंगतीत पाटावर बसून जेवली. सुकदेवने नेलेले डिनर सेटचे खोके तिथे कोपऱ्यात तसेच पडून होते. ते उघडायची कुणाला आठवणच झाली नाही.

त्या संध्याकाळी रंजनाचे पाय सुजले होते. माझ्या लाकडी फळीवर डोके टेकून ती बसल्या बसल्या झोपून गेली.

भंगारवाला कूलर घेऊन गेला. मी राहिले. दिवाळी संपून कारखाना सुरू झाला, आणि मला वाटले, आता पुन्हा माझ्यावर दप्तरे येणार. तशी ती आलीही. पण काल सुषमाताई आली, तिच्याबरोबर दवाखान्यात ओळख झालेल्या मालतीबाई होत्या. दोन्ही खांद्यांवर पदर घट्ट ओढून त्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, मांडीवर सुती कापडाची पिशवी. सुषमाताईने माझ्यावरची दप्तरे उचलून खाली ठेवली.

मित्रांनो, सणाला कुणाकडे जाल तेव्हा मिठाईचा डबा जरूर न्या. पण नेण्याआधी त्या घरातल्या बाईकडे एकदा नीट बघा. ती कधी बसते, काय खाते, काय लपवते, ते बघा. बाजारात हिंडण्याआधी तिच्याजवळ थोडा वेळ बसा. आणि तुमच्या घरात कोपऱ्यात कुणी जुने, थकलेले पडून असेल, मग ते माणूस असो की माझ्यासारखे लोखंड, तर त्याला दोन थेंब तेल द्या. आम्हाला दुखते, पण आम्हाला अजून कामही येते.

काल तेवढ्यात रंजना कामावरून आली. तिने पिशवी खाली ठेवली, कपाळ पुसले, आणि मालतीबाईंकडे पाहून म्हणाली, "मावशी, निवांत टेकून बसा. आधी चहा लिऊ, मंग माप लिसू."