टाचेला लागलेलं बोट

मार्चमध्ये माझी टाचेमागची शीर सुजली. फिजिओ तिला कंडरा म्हणते. नाव बदललं म्हणून दुखणं काही कमी झालं नाही. ही फिजिओ माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, पण बोलायला एकदम फटकळ.

"बारा आठवडे पळणं बंद," ती म्हणाली. "आत्ता पळालात तर शीर तुटेल, आणि या वयात तुटली की मग कायमचंच बंद. पण घरी बसून राहायचं नाही हं! पायरीच्या कडेला उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, पंधरा-पंधरा वेळा. आणि रोज तरणतलावात जाऊन पाण्यात पळायचं."

"तो म्हाताऱ्यांचा उद्योग."

"इर्या, तुम्ही एकसष्ट वर्षांच्या आहात," ती म्हणाली आणि पुढच्या कागदाकडे वळली.

पळणं बंद झालं याचं मला तेवढं दुःख नव्हतं. भीती वेगळीच होती. माझा नवरा तौनो जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी सरोवराकाठच्या रस्त्यानं पळायला लागले, की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला माझ्या मागे पावलं वाजू लागायची. डावं पाऊल किंचित घासणारी. सदतीस वर्षं ऐकलेली पावलं मी ओळखणार नाही का? वळून बघितलं की रस्ता रिकामा. म्हणून मी वळणंच सोडून दिलं. ती पावलं चालताना यायची नाहीत, सायकलवर तर नाहीच नाही. फक्त पळताना.

त्याच्या शेवटच्या दिवशीही तो असाच मागे होता. "इर्या, जरा थांब गं," म्हणाला. माझ्या घड्याळात जोरात पळायची तीन मिनिटं शिल्लक होती. मी न वळताच ओरडले, "पुलावर थांबते!" आणि थांबलेही. अंगावरचा घाम गार पडेपर्यंत थांबले. तो आलाच नाही. मागच्या वळणावर त्याचं हृदय बंद पडलं होतं. मुलींना मी सांगितलं, त्या दिवशी आम्ही वेगवेगळे निघालो होतो. अजून त्यांना तेच खरं वाटतं.

तर मी तरणतलावात जाऊ लागले. आधी अंघोळ, मग सौनाच्या गरम खोलीत घाम काढायचा, मग कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात उतरायचं आणि पाय तळाला न लागता पळायचं. तिथे हेल्वीचं राज्य. वय एकोणऐंशी, डोक्यावर फुलांची रबरी टोपी, दोन नवरे पोचवलेली. तिच्या चार मैत्रिणी जोडीजोडीनं पाण्यात उभ्या पळत आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढत.

"आली बघा हरिणी," हेल्वी पहिल्याच दिवशी म्हणाली. "तुम्ही पळणारे सगळे असेच. पाय मोडल्याशिवाय आमच्यात यायचं नाही!"

"बरा झाला की जाईन परत."

"जा बाई जा, कोण अडवतंय? पण इथला नियम ऐकून ठेव. मागच्याला पुढे जायचं असलं की तो तुझ्या टाचेला बोट लावणार. मग पुढच्या भिंतीशी थांबायचं आणि वाट द्यायची. राष्ट्राध्यक्ष आले तरी हाच नियम."

तीन आठवडे मी रोज गेले. दम वाढला, सूज उतरली, फिजिओनं पाठ थोपटली. आणि मी आतून खचत गेले. पाण्यात पाऊल वाजत नाही. घरी पायरीवर टाच खाली सोडताना कान मागेच लागलेले असायचे. मागे खुंटीला टांगलेला तौनोचा कोट, बाकी काही नाही. मला वाटायचं, तो त्या रस्त्यावर मला शोधत असेल.

चौथ्या आठवड्यात मला राहवलं नाही. एका सकाळी बूट घातले आणि पळाले. पावलं आली! पण नेहमीपेक्षा लांबून, थकल्यासारखी. मला रडूच आलं. पुढच्याच वळणाला शिरेत अशी कळ आली की मी कुंपणाला धरून उभी राहिले. मी थांबले तशी पावलंही थांबली. लंगडत घरी आले. आणखी एकदा असं केलं की शीर तुटणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. तरी दुसऱ्या दिवशी तलावावर जाताना मी पिशवीत बूट टाकले. तुटली तर तुटली.

पाण्यात सातव्या फेरीला माझ्या दुखऱ्या टाचेला बोट लागलं. अगदी हलकं. हेल्वीला कधी नव्हे ती घाई झालेली दिसते, असं म्हणून मी चिडून तशीच पुढे गेले. भिंत आली, मी वळले. पाहते तर हेल्वी मैत्रिणींसह पलीकडच्या टोकाला, गप्पांत रंगलेली. माझ्या मागे कुणीच नव्हतं.

आठव्या फेरीला पुन्हा बोट लागलं. त्याच जागी.

वाट दिली तर तो पुढे जाणार, हे मला लगेच कळलं. पुढे गेला की मागे उरणार नाही. मी आणखी चार पावलं रेटली, खरंच रेटली. मग भिंत आली. मी तिला धरलं, अंग चोरून बाजूला झाले आणि थांबले. मनगटावरचं घड्याळ वाजू लागलं, ते बंद केलं.

हेल्वी फिरून माझ्यापाशी आली. "काय गं पोरी, कुणासाठी थांबलीस? मागे तर कुणी नाही."

"आहे," मी म्हणाले. "हळू येतोय. मागे एकदा त्याच्यासाठी मी थांबले नव्हते."

हेल्वीनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिनं हात वर करून मैत्रिणींना तिथेच थांबवलं आणि स्वतः माझ्या शेजारी भिंतीला चिकटून उभी राहिली. सगळी लेन मोकळी झाली. पाणी एकदा हललं, माझ्या पायाशी थंड लागलं आणि निवळलं.

बऱ्याच वेळानं हेल्वीनं विचारलं, "गेला का?"

"गेला," मी म्हणाले, आणि त्या टोपीवाल्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

बूट पिशवीतच राहिले. घरी मी सरोवराकाठानं चालत गेले. पुलावर थांबले नाही.