इंदूबाईंनी दुकानात टीव्ही निवडला त्याची गोष्ट

मी एक जुना रिमोट आहे. हसू नका मित्रांनो, एके काळी महागावच्या एका घरात टीव्ही आणि त्याचा सेट-टॉप डबा हे दोघंही माझ्या हुकमात होते.

माझ्या अंगावर एकेचाळीस बटणं आहेत. त्यांतली अडतीस कशासाठी दिली होती ते मला आजवर कळलेलं नाही. मी घरात आलो तसं इंदूबाईंनी मला प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळून रबर लावलं. त्यांची सून पायल फार हुशार. तिने तीन बटणांवर लाल नेलपॉलिश लावलं आणि बाकीच्यांवर चिकटपट्टी मारली. एक चालू-बंदचं, एक चॅनलचं, एक आवाजाचं. तेवढ्यावर आमचा संसार बारा वर्षं सुखाने चालला. सेल संपत आले की इंदूबाई ते काढून गच्चीवर वाळत्या तुरीशेजारी ऊन खायला ठेवत, आणि खरंच आणखी दोन दिवस माझ्या जिवात जीव असे.

मग एका दुपारी टीव्ही गेला. पट् असा आवाज झाला आणि संपलं. मी मात्र ठणठणीत होतो.

मुलगा राजदीप एसटीत कंडक्टर. तो म्हणाला, "आई, आता मोठा स्मार्ट टीव्ही घेऊ. पन्नास इंची."

इंदूबाई मला पदराने पुसत राहिल्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी त्या पांढरकवड्याला बहिणीकडे गेल्या होत्या. तिथे असाच मोठा टीव्ही होता. घरातले सगळे सकाळी कामाला जात आणि बहीण दुपारभर झोपे. टीव्ही कसा लावायचा हे विचारायची इंदूबाईंना लाज वाटली. चार दिवस त्या काळ्या काचेत स्वतःचंच तोंड पाहत बसल्या. घरी आल्यावर "लय मजा आली" असं सगळ्यांना सांगितलं. मला हातात घेऊन मात्र खरं ते सांगितलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. राजदीप आणि पायल दिवसभर बाहेर असतात. आता आपल्या घरातही तसंच होईल, ही त्यांची भीती होती.

राजदीपबरोबर उमरखेडच्या दुकानात निघताना त्यांनी मला हळूच पिशवीत टाकलं.

दुकानदार उत्तमसिंग जिभेला विश्रांती न देणारा माणूस. "मावशी, हा पाहा. याच्याशी नुसतं बोलायचं. हात लावाचं कामच नाही!"

"अन् चालू कसा करायचा?"

"ते सोपं हाय. पह्यले इथं जायचं, मंग नेटचा पासवर्ड टाकायचा, मंग मोबाइलवर नंबर येते..."

इंदूबाईंनी पिशवीतून मला काढलं. "याच्यावर चालन असा दाखव."

दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. राजदीप जमिनीकडे पाहू लागला. इंदूबाईंनी मला एकेका टीव्हीसमोर धरून बटण दाबलं. चाळीस टीव्ही होते. एकानेही मला ओळख दाखवली नाही. बारा वर्षांची माझी ऐट पाच मिनिटांत उतरली.

गल्ल्याशेजारी खुर्चीवर उत्तमसिंगचे वडील धावजी बसले होते. पांढरा फेटा, ऐंशीच्या घरातलं वय. इंदूबाई त्यांच्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी लावून दाखवा बरं हा टीव्ही. तुमाले जमलं तर मलेबी जमन."

"हो, बा, दाखवा नं," उत्तमसिंग जोरात म्हणाला.

धावजींनी नवा रिमोट घेतला. एक बटण दाबलं, पडद्यावर चौकोनच चौकोन आले. दुसरं दाबलं, अक्षरं कुठल्यातरी परदेशी भाषेत गेली. तिसरं दाबल्यावर सगळं काळं झालं. पोरांचं हसू थांबलं.

धावजींनी रिमोट मांडीवर ठेवला. "बाई, खरं सांगू का? तीस वर्सं झाली या खुर्चीवर बसून राह्यलो. पोरं जे लावते ते पाह्यतो. मले यातला एकबी लावता येत नाही."

"बा, कधी सांगतलं काहून नाही?" उत्तमसिंगचा आवाज एकदम लहान झाला.

"टीव्हीच्या दुकानात बसून कसं सांगू?"

उत्तमसिंग शिडीवर चढला. वरच्या फळीवरून त्याने एक बत्तीस इंची टीव्ही उतरवला आणि धूळ पुसली. नेट नाही, डबा नाही, गच्चीवरच्या डिशच्या छतरीची वायर थेट टीव्हीत. रिमोटवर मोजकी, ठसठशीत बटणं.

"इतकुसा?" राजदीप कुरकुरला. "लोकं काय म्हणतीन?"

"लोकायले थोडीच लावायचा हाय?" इंदूबाई म्हणाल्या.

इंदूबाईंनी चष्मा काढून पदरात ठेवला आणि अंदाजाने बटण दाबलं. टीव्ही लागला. बंद केला. पुन्हा लावला. असं सात वेळा केलं. मग रिमोट धावजींना दिला. त्यांनीही लावला, बंद केला, लावला. मग ते रिमोट परतच देईनात! दुकानात तसा टीव्ही एकच होता. शेवटी उत्तमसिंगने सगळ्यांदेखत फोन करून दुसरा मागवला, तेव्हा कुठे धावजींची मूठ सुटली.

नवा रिमोट घरी आला. तो दिसायला अगदीच साधा आहे, हे मी मत्सराने बोलत नाही. मला इंदूबाईंनी कपाटात ठेवलं, पण दार किलकिलं राहतं, त्यामुळे मला सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी राजदीप ड्यूटीवरून पळतच आला. टीव्ही बंद होता. त्याचा चेहरा पडला. "आई, लागला नाही का? थांब, लावून देतो."

"नको. दोन घंटे पाह्यला. काही धड दाखवतच नाही मेला, म्हणून केला बंद."

इतक्या रुबाबात टीव्हीला नावं ठेवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, आजी-आजोबांसाठी टीव्ही घ्यायला जाल तेव्हा रिमोट आधी त्यांच्या हातात द्या. ते चुकले तर हिसकावून घेऊ नका, हसू तर मुळीच नका. घरात कोणी नसताना त्यांना तो लावता आला पाहिजे, आणि कंटाळा आला की बंदही करता आला पाहिजे.